बाहेरच्या लाकडाला गुळगुळीत रंग: ब्रश, रोलर की स्प्रे?

प्रश्न असा आहे. घराबाहेरच्या बाजूचा पॅनेलचा लाकडी दरवाजा आणि खिडक्यांची चार झडपं रंगवायची आहेत. मागच्या खेपेला वॉटर-बेस्ड इनॅमल ब्रशने लावला, तर रेघा राहिल्या. त्या झाकाव्यात म्हणून दुसरा हात रोलरने मारला. रेघा तर गेल्या नाहीतच, वर बारीक दाणेदार खरखर आली. आता जुन्या रंगाचे पोपडे सुटायला लागलेत, तेव्हा मुळापासून करायचं ठरलं आहे. कारखान्यातून आल्यासारखं फिनिशिंग हवं असेल तर स्प्रे मशीन घ्यावं का? आणि नको असेल तर ब्रश कोणता, रोलर कोणता?

मशीन घेऊ नका. एका दरवाज्यासाठी आणि चार झडपांसाठी मी स्वतःचं मशीनसुद्धा गाडीतून खाली उतरवत नाही. चार इंची मायक्रोफायबर रोलर, एक चांगला अडीच इंची सिंथेटिक ब्रश, कोपऱ्यांसाठी दीड इंची तिरका ब्रश, हाताने घासायचा ठोकळा आणि दरवाजा आडवा टाकायला दोन घोडे, एवढ्यात काम होतं. पण हीच हत्यारं मागच्या पद्धतीने चालवलीत तर मागच्यासारखंच होईल, म्हणून आधी कारण सांगतो.

रंग सपाट आपण करत नाही, तो स्वतः होतो. ब्रशचा प्रत्येक केस ओल्या रंगात सरी पाडतो आणि शेजारी वरंबा उभा करतो. रंगाचा पृष्ठताण तो वरंबा खाली ओढत असतो, रंगाचा घट्टपणा त्याला अडवत असतो, आणि तेवढ्यात वाळणं सुरू झालं की आहे तसं सगळं गोठतं. आधी सपाट झाला तर तुम्ही जिंकलात, आधी वाळला तर रेघा जन्माच्या. ह्याचं गणित रंगशास्त्रात मांडलेलं आहे आणि ते कारागिराच्या फार उपयोगाचं आहे. सऱ्यांमधलं अंतर अर्ध्यावर आणलं तर सपाट व्हायला लागणारा वेळ निम्मा नव्हे, सोळाव्या हिश्श्यावर येतो. उलट रंगाचा थर अर्धा केला तर तोच वेळ आठपट होतो. म्हणजे जाड, राठ केसांच्या ब्रशने रंग ताणून ताणून पातळ लावला की दोन्हीकडून मार बसतो. आपल्याकडे बहुतेक जण नेमकं हेच करतात आणि दोष कंपनीला देतात.

हत्यार निवडताना म्हणून मी तीनच गोष्टी बघतो. ते सऱ्या किती बारीक पाडतं, थर किती देतं, आणि रंगाच्या ओल्या राहण्याच्या वेळातला किती वेळ स्वतः खातं. ऑइल पेंटला हा वेळ भरपूर मिळतो, म्हणून जुन्या लोकांचे ब्रशचे हात आरशासारखे उतरायचे. पण तो रंग बाहेरच्या उन्हात वर्षागणिक कडक होत जातो, आणि लाकूड फुगत-आकसत राहतं तिथे तडे देतो. ॲक्रिलिक, म्हणजे तुमच्यासारखा वॉटर-बेस्ड रंग, लवचिक राहतो, म्हणून बाहेर तोच बरा. मात्र तो हात फिरवायला काही मिनिटंच देतो, आणि ऊन-वारा असेल तर तीही नाहीत.

आता तुमचा दुसरा हात का फसला ते बघू. समजा रंगात घनद्रव्य आकारमानाने 40 टक्के आहे आणि तुम्ही 100 मायक्रॉन ओला थर दिलात. वाळल्यावर उरतो 40 मायक्रॉन. बाकीचं पाणी होतं, ते उडालं. एवढ्या पापुद्र्याने खालची सरी बुजत नाही, रंग तिच्या अंगावरून चढतो आणि उतरतो. वरून चकाकी असली तर ती अजूनच उठून दिसते. एकदा वाळलेली रेघ दुसऱ्या हाताने जात नाही, ती घासूनच काढावी लागते. त्यामुळे खरेदीच्या यादीत पहिलं नाव ब्रशचं नाही, पॉलिश पेपरचं आहे.

घासण्याबद्दल जरा लांबण लावतो, कारण निम्मं फिनिशिंग इथेच ठरतं. सुरुवातीलाच एक इशारा. रंग फार जुना असेल तर त्यात शिसं असू शकतं. तपासणीचं किट मिळतं, ते वापरून खात्री करा. शिसं निघालं तर कोरडं घासू नका, जाळून काढू नका आणि मुलांना आसपास येऊ देऊ नका. असं काम त्यातल्या माहीतगाराकडे द्यावं. शिसं नाही अशी खात्री झाली तरी धुळीचा चांगला मास्क लावूनच सुरुवात करा. नाकाला रुमाल बांधणं म्हणजे मास्क नव्हे.

सुटलेला रंग आधी स्क्रॅपरने काढा. कार्बाइडच्या पात्याचा स्क्रॅपर घ्या, साधं पोलादी पातं दहा मिनिटांत बोथट होतं आणि मग माणूस जोर लावून लाकूड ओरबाडतो. जुना घट्ट रंग आणि उघडं लाकूड ह्यांच्यामधली पायरी पाच इंची रँडम ऑर्बिटल सँडरने (गोल फिरत घासणारं विजेचं हत्यार), 80 किंवा 100 नंबरच्या पेपरने उतरती करा; नंबर जेवढा मोठा, तेवढा पेपर बारीक. डोळे मिटून बोट फिरवा. पायरी बोटाला लागत असेल तर रंगाखालूनही दिसणार. सँडर दाबू नका. त्याच्या वजनाने जेवढं निघतं तेवढंच निघू द्या आणि हात सावकाश सरकवा. दाबला की तो गोल गोल चरे पाडतो, ते अस्तरापर्यंत दिसत नाहीत आणि चकाकीच्या शेवटच्या हाताला सगळे वर येतात. सँडर झाला की 120 नंबरचा पेपर ठोकळ्याला गुंडाळून लाकडाच्या रेषांच्या दिशेने हाताने घासा. नुसत्या बोटांखाली पेपर धरून सपाट भाग घासू नये, बोटांच्या मधोमध लाकूड खोल जातं आणि लाटा पडतात.

आणि उघडं लाकूड 120 वर थांबवा. इथे फर्निचरवाले मला नेहमी अडवतात, कारण त्यांना 320 पर्यंत जायची सवय असते. घरातल्या टेबलाला ते चालतं. बाहेरच्या लाकडाला फार बारीक पेपर मारला की वरचा भाग घोटल्यासारखा होतो, अस्तराला पकड मिळत नाही, आणि दोन पावसाळे झाले की रंग चादरीसारखा सुटतो. बाहेरच्या कामात गुळगुळीतपणा लाकडात आणायचा नसतो, अस्तरात आणायचा असतो. लाकूड जरा खरबरीत सोडायचं, त्याच्यावर भरदार अस्तर द्यायचं आणि ते अस्तर 180, मग 220 ने घासून काचेसारखं करायचं. अस्तर वॉटर-बेस्ड असेल तर पाण्याने लाकडाची लव उभी राहते आणि पहिल्या हातानंतर पृष्ठभाग दाढीच्या खुंटांसारखा लागतो. घाबरू नका, हलक्या हाताने 180 मारला की लव कापली जाते आणि पुन्हा सहसा उठत नाही.

सगळीकडे सारखं घासलं गेलं का, हे बघायची एक युक्ती. वाळलेल्या अस्तरावर पेन्सिलने हलक्या नागमोडी रेघा मारून ठेवा आणि मग ठोकळा चालवा. रेघा जिथे उरल्या तिथे खळगा आहे. खळग्याला लांबी (पुट्टी) भरा, पुन्हा अस्तराचं बोट द्या, पुन्हा घासा. शेवटी संध्याकाळी टॉर्च दरवाज्याला जवळजवळ टेकवून प्रकाश आडवा फेका. दिवसा सपाट दिसणारी फळी त्या प्रकाशात नांगरलेल्या शेतासारखी दिसते. पहिल्यांदा बघणारा हबकतो. मालकाला मी हे दाखवत नाही, स्वतःपुरतं बघतो आणि पुन्हा पेपर हातात घेतो.

पेपरचंच आणखी एक काम राहिलं. दरवाज्याच्या, पट्ट्यांच्या धारदार कडा दोन-तीन मिलिमीटर गोल करा. ओला रंग टोकदार कडेवर टिकत नाही, दोन्ही बाजूंना ओढला जातो आणि नेमका कडेवर थर सगळ्यात पातळ राहतो. रंग पहिल्यांदा कडेला फाटतो तो ह्यामुळे. त्याच फटीतून पाणी शिरतं आणि पोपडे सुरू होतात. सुताराने काढलेली कोरी कडा मोडायला मन होत नाही, हे खरं, पण मोडा.

बाकी तयारी थोडक्यात. भेगांना बाहेर टिकणारी दोन घटकांची इपॉक्सी लांबी भरा, खडूची घरगुती लांबी पावसात फुगते. गाठींवर आधी शेलॅक-बेस्ड, म्हणजे लाखेच्या, अस्तराचा ठिपका द्या, नाहीतर पिवळे-तपकिरी डाग वर येतात. फळीची टोकं पाणी सर्वांत जास्त पितात, तेव्हा दरवाज्याची वरची आणि खालची कड अस्तराने दोनदा भिजवा. खालची कड कोणाला दिसत नाही म्हणून रंगवलीच जात नाही, आणि दरवाजा कुजायला तिथूनच सुरुवात होते. रंग सुटलेल्या लाकडात ओलावा किती आहे ते दोन सुयांच्या मीटरने बघा. 15 टक्क्यांच्या वर असेल तर थांबा. मात्र घासलेलं लाकूड उन्हात उघडं टाकून महिनाभर गायबही होऊ नका. अतिनील किरणांनी वरचे तंतू दोन-तीन आठवड्यांतच कमजोर होतात आणि मग रंग त्या मेलेल्या तंतूंना धरून बसतो.

स्टील वूल मात्र ह्या कामाच्या जवळपास आणू नका. त्याचे बारीक तुकडे लाकडात अडकतात, वॉटर-बेस्ड रंगाच्या पाण्याने गंजतात आणि पांढऱ्या दरवाज्यावर आठवड्याभरात तांबूस ठिपके उमटतात. टॅनिन असलेल्या लाकडात तर काळे डाग पडतात. धूळ पुसायला किंचित ओलसर मायक्रोफायबरचं फडकं पुरतं. चिकट टॅक क्लॉथ जोरात घासलं तर त्याची राळ लाकडावर राहते आणि वॉटर-बेस्ड रंग तिथून पळतो.

आता ब्रश. डुकराच्या केसांचा ब्रश ऑइल पेंटसाठी उत्तम, त्याच्यासारखं रंग धरून ठेवणारं दुसरं काही नाही. पण तो वॉटर-बेस्ड रंगात घालू नका. मी कामाला लागलो तेव्हा माझ्याकडे असा एक ब्रश होता, उस्तादाने दिलेला, जिवापाड जपलेला. तो घेऊन ॲक्रिलिकचं काम करायला गेलो. केस पाणी पिऊन लिबलिबीत झाले, अर्ध्या तासात ब्रशचा पोछा झाला, आणि दोन झडपांवर केरसुणीने सारवल्यासारखे पट्टे उमटले. उस्ताद काही बोलले नाहीत. त्यांनी ब्रश धुऊन खिशात टाकला, मला परत दिला नाही.

वॉटर-बेस्डला सिंथेटिक केसच हवेत. नायलॉन मऊ आणि झिजायला चिवट असतो, पण कडक उन्हात आणि दिवसभर ओला राहिला की ढिला पडतो. पॉलिएस्टर आपला ताठा सोडत नाही. दोन्हींचं मिश्रण असलेला ब्रश बाहेरच्या कामाला मला सगळ्यात बरा वाटतो. दुकानात घेताना मागच्या छापील माहितीपेक्षा ब्रशवर भरवसा ठेवा. केसांची टोकं उजेडाकडे धरा. चांगल्या ब्रशची टोकं निमुळती आणि बारीक चिरलेली असतात, उजेडात ती धुरकट, मऊ दिसतात. स्वस्तातल्या ब्रशची टोकं कात्रीने कापल्यासारखी बोथट असतात. सऱ्यांचं गणित आठवा, ते ह्या टोकांवरच ठरतं. चिरलेली टोकं म्हणजे बारीक, जवळजवळच्या सऱ्या, आणि त्या पटकन मिटतात. नंतर ब्रश तळहातावर दाबून सोडा. केस लगेच सरळ व्हायला हवेत. वाकून तसेच राहिले तर तो शेवटचा हात काय फिरवणार? एकदा केस ओढून बघा, दोन-तीन सुटले तर चालतं, झुपका आला तर परत ठेवा. आणि केस मधोमध फाकवून आत डोकवा. आत मधली पट्टी असतेच, रंग साठायला ती लागते, पण ती जाडजूड असेल तर तुम्ही केसांच्या नावाखाली पोकळी विकत घेत आहात.

वरची धातूची पट्टी स्टेनलेसची असू द्या, साधी गंजते. रुंदी अडीच इंच. चार इंची ब्रशने काम लवकर होईल असं वाटतं, पण तो पॅनेलच्या गोलाईत बसत नाही आणि मनगट थकलं की हात जड पडतो. कोपरे, नक्षीच्या पट्ट्या आणि काचेची कड ह्यांना दीड इंची तिरका ब्रश.

रोलरचं काम वेगळं. तो रंग पसरवतो, आणि तेही पटकन आणि सारख्या थरात. ब्रशने पॅनेल भरायला जेवढा वेळ जातो त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात चार इंची रोलर ते भरतो, आणि तो वाचलेला वेळ रंगाला सपाट व्हायला मिळतो. सरळ लाकडाला पाच-सहा मिलिमीटर लव असलेला मायक्रोफायबर घ्या. भिंतीचा लांब केसांचा रोलर घेतलात की दाणा येणारच, तुमची खरखर बहुधा तिथली. फोमचा रोलर गुळगुळीत दिसतो म्हणून लोक त्याच्यावर भुलतात. तो रंग कमी धरतो आणि हवेचे बुडबुडे सोडतो. सावलीत ते फुटून जातात, उन्हात फुटायच्या आत वरची साय धरते आणि नंतर टाचणीने टोचल्यासारखी भोकं राहतात. ऑइल पेंट असेल तर मोहेरचा, म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांचा, आखूड लवेचा रोलर बरा. नवा मायक्रोफायबर रोलर वापरण्याआधी त्याच्याभोवती मास्किंग टेप गुंडाळून सोलून काढा, सुटे तंतू निघून जातात. नाहीतर तुमच्या पहिल्या पॅनेलला मिशा फुटतील.

हात फिरवायची रीत सांगतो. दरवाजा बिजागरीतून काढा, कडीकुलूप सोडवा आणि घोड्यांवर आडवा टाका. गुळगुळीत हाताचं निम्मं रहस्य ह्या दोन घोड्यांत आहे. उभ्या दरवाज्यावर रंग भरदार लावला की ओघळ येतात, म्हणून आपण नकळत पातळ लावतो, आणि पातळ थर सपाट व्हायला किती वेळ घेतो ते वर पाहिलंच. आडव्या दरवाज्यावर ही भीती नाही. वरच्या आणि खालच्या कडेत दोन-दोन लांब स्क्रू अर्धवट ठोका. ते घोड्यांवर टेकवले की एक बाजू ओली असताना दोघांनी मिळून दरवाजा उलटता येतो आणि त्याच दिवशी दुसरी बाजूही होते.

डब्यात ब्रश बुडवायचा नाही. रंग जाळीतून गाळून छोट्या भांड्यात घ्या, डब्यावर झाकण लावून टाका. ब्रश एक तृतीयांशच बुडवा आणि भांड्याच्या आतल्या बाजूला दोनदा टपटप करा. काठावर ओढून निपटलात की भरलेला रंग परत भांड्यात जातो आणि तुम्ही कोरड्या ब्रशने काम करता.

आधी पॅनेलभोवतीच्या नक्षीच्या पट्ट्या तिरक्या ब्रशने. त्या ओल्या असतानाच पॅनेलचा सपाट भाग रोलरने भरा, आधी आडवा मग उभा, तीन-चार फेऱ्या, जोर न देता. रोलर सुकायला लागल्यावर दाबून शेवटचा थेंब काढायचा मोह होतो, तिथेच दाणा उठतो. भरा, फिरवा, उचला. लगेच अडीच इंची ब्रश घ्या. तो आधीच रंगात भिजवून फडक्यावर जरा निपटलेला असावा. आता ब्रश जवळजवळ आडवा धरा, नुसती टोकं टेकतील एवढाच, आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक सलग ओढ. उतरणाऱ्या विमानासारखा हात चालत्या वेगात खाली यावा आणि चालत्या वेगातच वर जावा. मध्ये टेकवून सुरुवात केली की तिथे ठसा राहतो. शेजारची ओढ पहिलीवर किंचित चढवून. पॅनेलला अशा पाच-सहा ओढी पुरतात. मग हात मागे घ्या. ब्रशच्या बारीक रेघा अजून दिसत असतील, दिसू द्या. दोन मिनिटांत त्या विरतात. ज्यांना ते बघवत नाही ते पुन्हा ब्रश फिरवतात, तेवढ्यात वरची साय धरलेली असते आणि ती फाटून कायमची ओढाताण दिसते. एखादा केस किंवा किडा दिसला तरी पाच मिनिटं होऊन गेली असतील तर राहू द्या, वाळल्यावर 320 च्या वॉटर पेपरने काढता येतो.

सगळी पॅनेल झाली की मधली उभी पट्टी, मग आडव्या पट्ट्या, शेवटी बाहेरच्या लांब उभ्या पट्ट्या. जिथे आडवी पट्टी उभीला मिळते तिथे शेवटची ओढ सांध्यावर सुबक तोडा, म्हणजे जोड कोरलेला दिसतो. खिडकीच्या झडपांना पातळ तिरक्या पट्ट्या असतील तर रोलर विसरा, तिथे ब्रशच, आणि दर पाच पट्ट्यांनंतर मागे वळून खालच्या कोपऱ्यात रंग साठला का ते बघा.

ऊन आणि वारा हे दोघे तुमच्या मिनिटांचे चोर आहेत. हवा 30 अंशांवर असताना उन्हातली गडद फळी हाताला चटका देण्याइतकी तापलेली असू शकते. तिच्यावर ॲक्रिलिक म्हणजे तव्यावर पाणी. सावलीत काम करा, ऊन जसं फिरेल तसे घोडे सरकवा. 10 अंशांच्या खाली बहुतेक वॉटर-बेस्ड रंग नीट जमत नाहीत. फळीचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे दव धरायला लागतं त्या तापमानापेक्षा, निदान तीन अंश वर हवं, आणि दव पडायच्या दोन-तीन तास आधी हात थांबवा. रंग फार लवकर आळत असेल तर पाणी ओतत बसू नका, फार पाणी घातलं की थर पातळ होतो आणि परत तेच दुखणं. वाळणं लांबवणारं फ्लो ॲडिटिव्ह मिळतं, ते डब्यावर लिहिलेल्या मापाने घाला.

स्प्रेबद्दल सांगायचं तर तो खरंच गुळगुळीत मारतो, मी नाकारत नाही. त्यात सरीच पडत नाही. पण अंगणात वारा असतो, आणि उडालेले थेंब शेजारच्या गाडीवर जाऊन बसतात. झाकाझाकीत फवारणीपेक्षा दुप्पट वेळ जातो. एचव्हीएलपी मशीनला (कमी दाबाने भरपूर हवा सोडून रंग फवारणारं) बाहेरचा घट्ट रंग पातळ करावा लागतो, आणि टर्बाइनवाल्याची हवा गरम असते, ती रंग अजून लवकर सुकवते. एअरलेस, म्हणजे हवेऐवजी रंगालाच दाब देऊन फेकणारा, पातळ न करता मारतो, पण तिथे टीपची (पुढच्या तोटीची) निवड कळायला हवी. 310 नंबरची टीप म्हणजे पहिल्या आकड्याची दुप्पट, सहा इंचांचा पंखा, एक फूट अंतरावरून, आणि भोक इंचाच्या हजार भागांपैकी दहा भाग. बारीक इनॅमलला एवढं भोक ठीक, घट्ट ॲक्रिलिकला 13-15 लागतं. शिवाय उघड्या लाकडावर अस्तराचा पहिला हात फवारला तरी मागोमाग ब्रश फिरवून तो लाकडात घोटावा लागतोच. आणि एअरलेसच्या टीपसमोर बोट कधीही आणू नका. त्याचा दाब 200 बारपर्यंत जातो, रंग कातडीतून आत घुसतो. जखम टाचणीएवढी दिसते आणि सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण ती तातडीने शस्त्रक्रिया करायची जखम आहे, थेट दवाखान्यात जायचं. वीसेक झडपं एकसारखी असतील आणि बंदिस्त जागा असेल, तर मशीन भाड्याने आणा आणि आधी पुठ्ठ्यावर हात बसवा.

काम थांबलं की ब्रश लगेच धुवा. वॉटर-बेस्डला कोमट पाणी आणि साबण. मुळाशी रंग वाळू दिलात की केस फाकतात आणि पुढच्या खेपेला दोन-दोन रेघा ओढतात. तारेच्या फणीने मुळापासून विंचरा, झटका, कागदात गुंडाळून आडवा ठेवा. भांड्यात टोकांवर उभा केलेला ब्रश दुसऱ्या दिवशी हॉकी स्टिक झालेला असतो. जेवणाच्या सुट्टीपुरतं थांबायचं असेल तर धुवायची गरज नाही, ब्रश आणि रोलर प्लास्टिकमध्ये घट्ट बांधा. ऑइल पेंट किंवा जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवा.

तुमच्या कामाचा क्रम मी असा लावेन: एक दिवस खरवडणं आणि घासणं, दुसऱ्या दिवशी गाठी, टोकं, अस्तर, मग अस्तर पुरतं कडक झाल्यावर लांबी आणि 220, त्यावर रंगाचे दोन हात, मध्ये डब्यावर लिहिलाय तेवढा वेळ आणि 320 चा हलका पेपर. मोठ्या दरवाज्याला हात लावू नका. आधी एक झडप घ्या, त्याची भिंतीकडे राहणारी बाजू वर करून घोड्यावर टाका, आणि पहिला हात तिथे मारून बघा. रोलर उचलल्यापासून रंग साय धरेपर्यंत किती मिनिटं मिळतात ते घड्याळ लावून मोजा. चार मिनिटं मिळाली तर एका वेळी एकच पॅनेल भरायचं, आठ मिळाली तर दोन.